दादाचं खुणेचं नाव

आमच्या घरात प्रत्येकाला दोन नावं आहेत. एक तोंडाने घ्यायचं, दुसरं हाताने. तोंडाचं आईबाबांनी ठेवलेलं, ते शाळेच्या दाखल्यावर. हाताचं धाकटीने ठेवलेलं. ती जन्मापासून बहिरी, आणि तिला जो जसा दिसला तसं तिने त्याचं नाव ठेवून टाकलं. आई म्हणजे कपाळावरचे केस मागे सारणं. बाबा म्हणजे नाकावर घसरलेला चष्मा. मी मधली. माझं नाव फुगलेला गाल, कारण लहानपणी मी सतत कशावर तरी रुसलेली असायचे. आज चाळिशी ओलांडली, बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते, तरी वर्गातली कार्टी गाल फुगवूनच मला हाक मारतात. तक्रार करायची सोय नाही. खुणेचं नाव बहिऱ्या माणसानेच द्यायचं असतं. ऐकणाऱ्याने ते निवडायचं नसतं, नाकारायचं नसतं, आणि ज्याने दिलं तोच ते बदलू शकतो.

दादाचं नाव सगळ्यात छान होतं. खांद्यावर दोन थापा. लहानपणी कुठे गर्दी असली की धाकटीला पुढचं काही दिसायचं नाही आणि काय चाललंय ते कळायलाही मार्ग नसायचा. मग ती भोकाड पसरायची. दादा खाली वाकायचा, स्वतःच्या खांद्यावर दोनदा थोपटायचा, आणि ती सरसर वर चढायची. मला त्याने कधी खांद्यावर घेतलं नाही. म्हणायचा, "तुला ऐकू येतं ना? मग ऐक गप उभी राहून."

दादा आमदार झाला तेव्हा या दोन थापांना भाव आला. पहिल्याच निवडणुकीत त्याच्या भिंतीभिंतीवरच्या पोस्टरवर खांद्यावर ठेवलेला हात होता. सभा संपताना तो माईकपासून एक पाऊल मागे सरायचा आणि खांद्यावर दोनदा थोपटायचा. समोर बसलेले बहिरे लोक एकदम तेच करायचे. मग त्यांच्या मागचे ऐकणारेही. हजारभर हात एकाच वेळी खांद्यावर पडले की जो आवाज होतो तो मी ऐकला आहे, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा यायचा. मी त्याच्या डाव्या हाताला उभी असायचे. तो बोलायचा आणि मी त्याचं बोलणं हातांनी बहिऱ्यांपर्यंत पोचवायचे. लहानपणी दादालाही खुणा चांगल्या यायच्या, पण न वापरलेल्या गोष्टी गंजतातच. आता त्याच्याकडे 'मी तुमचा भाऊ' आणि 'मी तुमच्यासोबत' एवढंच उरलं होतं. बाकी सगळं माझ्या हातांवर चालायचं.

त्याची मतंही तशीच होती हो. एकट्या बायकांना घरभाड्यात सवलत, दादा बाजूने. घरकाम करणाऱ्यांना हक्काची सुट्टी, दादा बाजूने. कुठल्याशा संस्थेने सगळ्या आमदारांचं प्रगतिपुस्तक काढलं, कोणी कुठल्या सामाजिक प्रश्नावर कसं मत दिलं याचं. त्यात दादाच्या नावापुढे सगळीकडे हिरवे ठिपके. धाकटी फ्रेम बनवण्याच्या कारखान्यात कामाला आहे. तिने ते पान कापलं, लाकडाची पट्टी तिरकी कापून कोपरे असे जुळवले की नखही शिरू नये, आणि आईच्या खोलीत लावलं. बाबांच्या फोटोशेजारी. आई येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायची. "माझ्या पोराचा एक ठिपका लाल नाही," म्हणायची.

आता त्या कायद्याचं सांगते.

धाकटीचं पहिलं बाळ गेलं. मी तेव्हा परगावी होते. तिचा नवरा सुतार आहे, तोही बहिरा. दोघं दवाखान्यात गेले. कळा लांबल्या. डॉक्टर तोंडाला मास्क लावून बोलत होते, ओठही दिसत नव्हते. तिला भूल दिली. जागी झाली तेव्हा पोट रिकामं होतं आणि पाळणाही रिकामा होता. तिने हाताने विचारलं, बाळ कुठे? नर्सला वाटलं, ती पाणी मागते आहे. पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी मी पोचेपर्यंत तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, तोंडाने, मोठमोठ्याने, दोनतीनदा. मी दारात दिसले आणि माझा चेहरा बघून तिला कळलं. तिच्या छातीत दूध आलं होतं आणि ती बाळाला कधी आणतात याची वाट बघत होती.

हे दादाने ऐकलं तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. ते रडणं खरं होतं. आजही मी म्हणेन, खरं होतं. मग त्याने शब्द दिला. दवाखान्यात, पोलिस चौकीत आणि कोर्टात बहिऱ्या माणसाला खुणांचा दुभाषी मिळालाच पाहिजे, असा कायदा करायचा. त्याने धाकटीला विचारलं, "तुझी गोष्ट सभेत सांगू?" मी ते तिला हातांनी सांगितलं. ती म्हणाली, "सांग. पण कायदा होईपर्यंतच. त्यानंतर माझं बाळ मला परत दे."

हे वाक्य मी दादाला तोंडाने सांगितलं. त्याने मान हलवली. मी साक्षीदार आहे.

त्यानंतर प्रत्येक सभेत ते बाळ आलं. प्रत्येक वेळी ते माझ्या हातांतून गेलं. रिकामा पाळणा, पाण्याचा पेला, सगळं. घरात धाकटीला आम्ही सरळ बहिरी म्हणतो, तिलाही त्यात काही वाटत नाही. पण भाषणात ती 'माझी कर्णबधिर भगिनी' व्हायची आणि तिच्या डोळ्यांना धारा लागायच्या. धाकटी समोर बसलेली असली की मला म्हणायची, "इतकी कुठे रडले मी?" पण चालवून घ्यायची. कायद्यासाठी.

कायद्याचा मसुदा सभागृहात आला तेव्हा धाकटीला पुन्हा दिवस गेले होते. पोट दिसायला लागलं होतं. आनंद होताच, पण भीती त्याच्यापेक्षा जास्त. त्या दवाखान्याच्या रस्त्यावरून जायचं झालं तरी ती बाजू बदलायची. मला म्हणाली, "या वेळी मला कळलं पाहिजे. चांगलं असो, वाईट असो. माझ्या पोटातलं मला आधी कळलं पाहिजे." एवढंच मागणं होतं.

मसुदा मांडला होता विरोधी बाकावरच्या एका वयस्क वकीलबाईंनी. दादा सत्तेतल्या पक्षाचा, पण त्याने उघड पाठिंबा दिला होता. वर्तमानपत्रांत दोघांचा फोटो आला होता. आम्ही सगळे प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. धाकटी, तिचा नवरा, मी, बहिऱ्यांच्या संघटनेचे म्हातारे अध्यक्ष, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, आणि संघटनेची आणखी वीसपंचवीस माणसं. बसल्या बसल्या पहारेकऱ्याने येऊन सांगितलं, सज्जात हातवारे करायला मनाई आहे. सभासदांचं लक्ष विचलित होतं म्हणे.

"अहो, हे बोलतायत," मी म्हटलं.

"बोलायलाही मनाई आहे," तो म्हणाला.

घ्या! बहिऱ्यांच्या कायद्यावरची चर्चा, आणि बहिऱ्यांनी हात मांडीखाली दाबून बघायची. शेवटी मी मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून, बोटं जेमतेम हलवत खालचं बोलणं सांगत राहिले. सगळ्यांची नजर माझ्या मांडीकडे. कठड्यावरून खाली बघत होती ती एकटी धाकटी. तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तू शब्द बघ. मी दादाला बघते."

दादाचं भाषण काय झालं म्हणून सांगू! समोरच्या बाकावरच्या दोनचार जणांनी रुमाल काढले. रिकामा पाळणा आला, पाण्याचा पेला आला. माझी बोटं मांडीवर ते सगळं सांगत होती. मग मत घ्यायची वेळ झाली.

तिथली रीत अशी की आधी तोंडी मत घेतात. अध्यक्ष विचारतात, बाजूने कोण? सगळे मिळून "होय" ओरडतात. विरोधात कोण? सगळे मिळून "नाही" ओरडतात. ज्याचा आवाज मोठा वाटला त्याच्या बाजूने निकाल. कोण काय ओरडलं ते कुठेही लिहिलं जात नाही. कोणाला तो निकाल मान्य नसेल तर मतविभागणी मागता येते. मग एकेकाचं नाव घेऊन मत नोंदवतात आणि ते उद्याच्या वर्तमानपत्रात येतं. फक्त त्यासाठी पाच सभासदांनी जागेवर उभं राहावं लागतं.

अध्यक्षांनी विचारलं, बाजूने कोण? "होय!" म्हणून जी आरोळी उठली तिच्यात मला दादाचा आवाज वेगळा ऐकू आला. सगळ्यांच्या वर. सख्ख्या भावाचा आवाज, तो कुठेही ओळखेन मी. मी बोटांनी सांगितलं, "दादा सगळ्यात मोठ्याने होय म्हणाला." मग "नाही" झालं, ते जरा भरघोस होतं. अध्यक्ष म्हणाले, मसुदा नामंजूर. वकीलबाई कडाडल्या, "विभागणी!" अध्यक्ष म्हणाले, मागणाऱ्यांनी उभं राहावं. मग थोडी शांतता, मग अध्यक्षांचा आवाज: "चारच सभासद उभे आहेत. मागणी अमान्य. पुढचा विषय." पुढचा विषय कुठल्याशा पुलाचा होता.

मी मान खाली घालून हे सगळं सांगत होते. माझे डोळे भरून आले होते. शेजारून धाकटीचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. तिने पहारेकऱ्याची पर्वा न करता, सगळ्या सज्जाला दिसेल असा हात वर करून सांगितलं, "तो बसून राहिला."

"कोण?"

तिने खांद्यावर दोन थापा मारल्या.

"नाही गं," मी म्हटलं, "तो सगळ्यात मोठ्याने ओरडला. मी ऐकलं ना!"

"तू ऐकलंस. मी बघितलं. बाई उभ्या राहिल्या, मग तीन जण राहिले. बाई वळून त्याच्याकडे बघत होत्या. तो टेबलाखाली वाकून चपलेचा पट्टा लावत होता."

मला राग आला. तिचाच. म्हटलं, हिला सभागृहातलं काय कळतंय.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात दादा आला. डोळे लाल. मास्तरांना मिठी मारली, धाकटीच्या नवऱ्याला मिठी मारली. मला म्हणाला, "हरलो गं. पण लढलो." मग धाकटीकडे वळून त्याने छातीवर हात ठेवला आणि आपल्याला येणारी खूण केली, 'मी तुमच्यासोबत.'

धाकटी एक पाऊल मागे झाली आणि तिने काहीतरी विचारलं. तिचे हात भराभर चालले होते. दादा माझ्याकडे बघायला लागला.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, उभा का नाही राहिलास?"

चेहरा पडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. एक क्षणभरच. लगेच त्याने तो उचलून जागेवर ठेवला. "अगं, ते नियमांचं असतं. तिला सांग, तुम्हाला कळायचं नाही ते."

मी ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, त्याचा चेहरा तिने वाचला होता. तेवढ्यात वकीलबाई तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या, दादाकडे बघितलंही नाही, मला म्हणाल्या, "नावं पुकारली असती ना, तर निम्म्यांची नाही म्हणायची छाती झाली नसती. एक माणूस कमी पडला." आणि काठी टेकत पुढे गेल्या.

पुढच्याच आठवड्यात दादाला समाजकल्याण खात्याचं मंत्रिपद मिळालं.

मी त्याच्या नव्या कार्यालयात गेले. बाहेर त्याचा सेक्रेटरी, आत गुबगुबीत खुर्च्या, रंगाचा ताजा वास. दादाने चहा मागवला. मी म्हटलं, चहा राहू दे, आधी तोंड उघड.

"तू पण?" तो म्हणाला. "रेकॉर्ड काढून बघ माझं. विरोधात मत दिलंय का मी? गैरहजर होतो का? भाषण बाजूने आहे. शब्दन् शब्द छापलेला आहे."

"आणि चपलेचा पट्टा?"

तो उठून दार लावून आला. "हे बघ. दवाखानेवाले पक्षाच्या मानगुटीवर बसले होते. दुभाषे ठेवायचे म्हणजे खर्च. पक्षाने मला बोलायला नाही म्हटलं नाही. बोल काय बोलायचं ते, ओरड, रड. फक्त विभागणी होऊ द्यायची नाही. एवढाच शब्द होता. मी पाचवा उभा राहिलो असतो तर हे खातं गेलं असतं. आता बघ, मंत्री आहे मी. वर्ष-दोन वर्षांत मीच आणतो तो कायदा. तुम्ही जरा दम धरा."

"बाळ दम धरेल?"

"तिची काळजी करू नकोस तू! माझी बहीण आहे ती. एक फोन केला की दवाखाना तिच्यासाठी वेगळी खोली देईल, तू चोवीस तास आत राहा, हवे तेवढे दुभाषे घे. कोणाची हिंमत आहे नाही म्हणायची?"

त्याला खरंच वाटत होतं की तो मोठं मन दाखवतोय. याचाच मला जास्त संताप आला. मी म्हटलं, "एक सांग. एवढा घसा फोडून 'होय' ओरडलास ते कोणासाठी? जिच्यासाठी कायदा होता तिला तर ऐकू येत नाही."

चहा आला. मी न पिताच निघाले.

रस्त्याने चालताना मला कळलं की ते ओरडणं माझ्यासाठी होतं. माझ्यासारख्या सगळ्यांसाठी, ज्यांना ऐकू येतं आणि जे ऐकून समाधान मानतात. मी ऐकलं, आणि वर माझ्याच बोटांनी ती थाप त्या सगळ्या माणसांपर्यंत पोचवली. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. याने केसाने गळा कापला होता, आणि कापताना हात माझे वापरले होते.

फोनची गोष्ट मी धाकटीला सांगितली. लपवायची माझी छाती नव्हती, आणि मनातून मला वाटत होतं की तिने हो म्हणावं. कारखान्यात होती ती, काचा पुसत. ऐकून, म्हणजे बघून, तिने फडकं खाली ठेवलं. एक हात पोटावर गेला. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, म्हणतेय आता हो.

"आणि बाकीच्यांचं?" ती म्हणाली. "मास्तरांची सूनही बहिरी, तिलाही दिवस गेलेत. तिचा भाऊ मंत्री नाही."

"आधी तुझं बघ."

"त्याने माझं बघितलं म्हणून मी गप्प बसले, की संपलं. त्याला तेच हवंय." मग जरा वेळाने, "तू येशील ना आत? भांडून?"

"येईन. दार तोडून येईन."

"मग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा फडकं उचललं. ती एकच काच पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

महिन्याभराने दादाच्या सेक्रेटरीचा फोन आला. नव्या मंत्रिमहोदयांचा कर्णबधिर बांधवांशी स्नेहमेळावा आहे, ताईंनी नेहमीप्रमाणे दुभाषी म्हणून यावं. मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लगेच आईचा फोन आला. "घरातलं घरात मिटवा गं. लोकांत शोभा नको. भाऊ आहे तुझा, माणूस चुकतो." भिंतीवरची फ्रेम अजून होती, हे तिच्या आवाजावरूनच मला कळलं. मी फोन ठेवला. पण धाकटी म्हणाली, "जा तू."

"मी? त्याच्या शेजारी उभी राहू पुन्हा?"

"जा. तो जे बोलेल ते जसंच्या तसं सांग. एक शब्द वाढवू नकोस, एक गाळू नकोस. तू दुभाषी आहेस. भांडण माझं आहे."

माझ्या मनात काय काय होतं! स्टेजवर उभं राहून त्याचं बोलणं बाजूला ठेवायचं आणि खरं काय ते हातांनी सांगून टाकायचं, त्याला पत्ताही लागला नसता. तिने ते ओळखलं असावं. बोट हलवून म्हणाली, "नाही. तुझे हात स्वच्छ राहू दे. उद्या लोकांना तुझ्या हातांवर विश्वास ठेवायचाय. दवाखान्यात मलाही ठेवायचाय."

हॉल भरलेला होता. पुढच्या रांगांत संघटनेची माणसं, मास्तर, त्यांची सून. धाकटी अगदी पुढे, पोट आता चांगलं मोठं, शेजारी नवरा. मागे दादाचे कार्यकर्ते आणि कॅमेरेवाले. दादा आला, माझ्याकडे बघून हसला, हळूच म्हणाला, "आलीस. बरं वाटलं." खांद्यावर हातही ठेवला. मी माझ्या जागी, त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले.

त्याने बोलायला सुरुवात केली आणि मी सांगायला. खात्याच्या योजना, वसतिगृह, बसपास. सगळं नीट सांगितलं. मग त्याचा आवाज खाली आला. तो आवाज मला माहीत आहे. मी मनात म्हटलं, नको दादा. कायदा तूच पडू दिलास, आता ते बाळ तिला परत करायचं. निदान आज नको.

"माझी एक कर्णबधिर भगिनी आहे," दादा म्हणाला.

पाळणा आला. पाण्याचा पेला आला. मी सगळं सांगितलं. जसंच्या तसं. समोर धाकटी माझ्या हातांकडे बघत होती आणि मी तिच्या पोटाकडे. तिच्या बाळाचा पाळणा पुन्हा तिच्यासमोर मी रिकामा करून दाखवत होते. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नाही आणि भावाचा एवढा राग कधी आला नाही. "त्या बाळाची शपथ घेऊन सांगतो," दादा म्हणाला, "सभागृहात मी तुमच्यासाठी उभा राहिलो आणि यापुढेही उभा राहीन!" मी तेही सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एकानेही पापणी लववली नाही. मागचे कार्यकर्ते टाळ्या पिटत होते.

मग दादा माईकपासून एक पाऊल मागे सरला आणि त्याने खांद्यावर दोन थापा मारल्या.

कोणाचा हात हलला नाही. मागे दोनचार ऐकणाऱ्यांनी थोपटलं आणि पुढे काही होत नाही असं बघून थांबले. दादाने पुन्हा थोपटलं, जरा जोरात. त्याला वाटलं असेल, दिसलं नाही.

धाकटी उठली. खुर्चीच्या हाताला धरून, नवऱ्याच्या आधाराने, सावकाश. वळली आणि सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. तिने खांद्यावर दोनदा थोपटलं आणि मग तळहाताने ते झटकून टाकलं, धूळ झटकतात तसं. त्यानंतर डाव्या हाताची दोन बोटं आडवी धरली आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकवून, पाय सोडून बसवल्यासारखी, त्यांच्यावर ठेवली. एकदा. पुन्हा एकदा, सगळ्यांना दिसेल असं. आधी मास्तरांनी केलं. मग त्यांच्या सुनेने. मग रांगेमागून रांग. दोनशे माणसं दोन बोटांवर दोन बोटं ठेवत होती आणि हॉलमध्ये कसलाही आवाज नव्हता.

दादाचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, नवीन घोषणा. कॅमेऱ्यांकडे वळून, तोंडभर हसत, त्याने तीच खूण केली. दोन बोटं आडवी, त्यांच्यावर दोन बोटं. दोन्ही हात उंच धरून, सगळ्या बाजूंना दाखवत. फ्लॅश उडाले. तेच फोटो दुसऱ्या दिवशी छापून आले.

हात वर ठेवूनच तो माझ्याकडे झुकला. "छान आहे हे. काय म्हणतायत?"

"तुझं नाव घेतायत," मी म्हटलं.

"म्हणजे? नाव तर..." आणि तो थांबला. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. ती खूण त्याला आठवली. आमच्या घरात शिकलेली ती सगळ्यात पहिली खूण. जेवायला बस, अभ्यासाला बस, धाकटीला दिवसातून किती वेळा करायचा तो. त्याची बोटं एकावर एक तशीच राहिली, आणि हसू मात्र हळूहळू उतरत गेलं.

"तिला सांग बदलायला," तो म्हणाला. माईक लांब होता, ते मला एकटीलाच ऐकू आलं. "प्लीज. तू सांग तिला."

मी हात वर केले आणि ते जसंच्या तसं सांगितलं. पण ती आमच्याकडे बघायचीच थांबली होती. पोटावर हात ठेवून, नवऱ्याला धरून, ती दाराकडे निघाली होती, आणि पाठमोऱ्या बहिऱ्या माणसाला काही सांगता येत नाही.